दोनदा तांबोव, एकदा पॅरिस: एका जॉर्जियन सरदाराची गोष्ट

चिंचपाला

गेल्या वर्षी ऑक्टोबरात आम्ही चौघं जॉर्जियाला गेलो होतो. द्राक्षांची तोडणी उरकत आली होती, तरी पूर्वेकडच्या काखेती प्रांतातल्या रस्त्यांवर आंबूस वास भरून राहिला होता. तिबिलिसीहून गोंबोरीचा घाट उतरून तेलावीकडे गेलं की त्सिनांदाली लागतं. तिथे एक जुना वाडा आहे, भोवती मोठी बाग, खाली वाइनचं तळघर. बाकीचे तिघे चाखायला खाली उतरले. मला ॲसिडिटी, त्यामुळे मी वर तसबिरी बघत बसले.

एका तसबिरीपाशी अडकले. गळ्याशी बंद कॉलर, खांद्यावर झालरी, छातीवर पदकं, सगळा थाट रशियन जनरलचा. चेहरा मात्र परेडवरचा वाटेना. जेवणं झाल्यावर कुणीतरी पेटी काढील का, म्हणून आशेने बसलेला माणूस असतो ना, तसा. गाइडने ओळख दोन वाक्यांत आटोपली: जॉर्जियात युरोपियन पद्धतीची वाइन बाटलीत भरण्याची सुरुवात यांनी केली, आणि हे रशियन नाटककार ग्रिबोयेदोवचे सासरे.

अख्ख्या माणसाची ओळख द्राक्षं आणि जावई? मला ते खटकलं. घरी आल्यावर दोन महिने जमेल तसं वाचत होते. तेच इथे मांडते. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

नाव अलेक्सांद्रे चावचावाद्झे. जन्म 1786, सेंट पीटर्सबर्गमध्ये. तिथे कसा? तर वडील गार्सेवान हे कार्तली-काखेतीच्या, म्हणजे पूर्व जॉर्जियाच्या राजाचे रशियाच्या दरबारातले वकील. पेशव्यांचे वकील दरबारोदरबारी असत, तसेच. मुलाच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता कोण, तर खुद्द महाराणी कॅथरीन. म्हणजे पोराच्या कपाळावर पहिलं पाणी पडलं तेच साम्राज्याच्या साक्षीने.

वडिलांचं प्रकरण आधी सांगायला हवं, नाहीतर मुलगा कळत नाही. 1783 साली गिऑर्गियेव्स्कला रशियाशी तह झाला. त्यावर जॉर्जियाच्या बाजूने ज्या दोघांनी सह्या केल्या त्यांतले एक हे गार्सेवान. तह असा: परराष्ट्र कारभार रशियाच्या तंत्राने, बदल्यात संरक्षण, आणि गादी बाग्रातियोनी घराण्याचीच. पुढे 1795 साली इराणच्या आगा मोहम्मद खानाने तिबिलिसी लुटून जाळली, तेव्हा संरक्षण वेळेवर आलंच नाही. डिसेंबर 1800 मध्ये राजा गिओर्गी बारावा वारला आणि 1801 मध्ये रशियाने राज्यच खालसा केलं. गार्सेवाननी पीटर्सबर्गहून घरी कळवलं ते थोडक्यात असं: मागितलेलं एकही दिलं नाही, उलट राज्यच बुडवलं. ज्याने सही केली त्यानेच ही बातमी लिहायची!

एप्रिल 1802. तिबिलिसीच्या सिओनी कॅथेड्रलमध्ये सगळ्या सरदारांना बोलावलं. बाहेर रशियन सैन्याचा वेढा. आत जनरल क्नोरिंगने बादशहाशी इमान राखण्याची शपथ घ्यायला लावली. ज्यांनी कुरकुर केली ते कैदेत. हे सिओनी लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

पुढच्याच वर्षी विधवा राणी मरियमला रशियात हलवायचं ठरलं. न्यायला जनरल लाझारेव आला. राणी जागची हलेना. त्याने हात पुढे केला तेव्हा तिने खंजीर काढून त्याला जागच्या जागी ठार केलं. 1803. तिला पुढे कितीतरी वर्षं रशियातल्या मठात डांबून ठेवलं.

आता आपला माणूस. वय अठरा. 1804 साली डोंगराळ भागातल्या लोकांनी बंड केलं. रशियन लष्कर त्यांना घाटरस्त्याच्या कामावर वेठीला धरत होतं. राजघराण्यातला पारनाओझ त्यांना जाऊन मिळाला. आणि महाराणीचा हा धर्मपुत्र घरून पळून पारनाओझकडे गेला. बंड मोडलं, पोरगा सापडला, शिक्षा झाली: तांबोवला तीन वर्षं हद्दपारी. तांबोव म्हणजे मॉस्कोच्या आग्नेयेला सपाट मैदानातलं आडगाव. काखेतीच्या मुलाला तिथे क्षितिजावर डोंगर न दिसणं हीच अर्धी शिक्षा झाली असेल (हे माझं, इतिहासाचं नाही).

तीन वर्षं काही भरली नाहीत. बड्या बापाचा मुलगा. त्याला पीटर्सबर्गला आणून पेज कोअरमध्ये घातलं. सरदारांच्या मुलांना अधिकारी बनवणारी ती शाळा. 1809 मध्ये तो हुसार, म्हणजे हलक्या घोडदळाच्या पलटणीत अधिकारी म्हणून बाहेर पडला. बंडखोर पोराला फासावर देण्यापेक्षा वर्दी चढवणं साम्राज्याला जास्त परवडतं. भलतेच हुशार लोक.

आणि मग 1812. हे वाचताना मला सगळ्यात जड गेलं. काखेतीत दुष्काळ, त्यात प्लेग, आणि रशियन सैन्य शेतकऱ्यांकडून धान्य ओढून नेतंय. अखमेता गावात ठिणगी पडली आणि सगळा काखेती पेटला. हा चावचावाद्झेंचा स्वतःचा मुलूख, स्वतःची माणसं. तो मात्र या वेळी रशियन सेनापती पाउलुच्चीच्या बाजूने, त्यांच्यावर चालून गेला. जखमीही झाला. आठ वर्षांपूर्वी ज्या बाजूला होता, तिच्यावरच तलवार.

पुढची दोन वर्षं नेपोलियनच्या मागे. रशियन सेनापती बार्क्ले द तोलीचा ॲडज्युटंट म्हणून युरोपभर फिरला, 1814 मध्ये रशियन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या त्या मोहिमेत होता. परत आला तो फ्रेंच पुस्तकं, फ्रेंच शिष्टाचार आणि द्राक्षांबद्दलच्या काही कल्पना घेऊन. काखेतीत तळ असलेल्या निझ्नी-नोवगोरोद ड्रॅगून पलटणीचा पुढे तो कमांडर झाला. त्सिनांदालीचा वाडा पाहुण्यांनी भरून वाहायला लागला. जॉर्जियातला पहिला पियानो याच घरात आला असं म्हणतात.

रात्री हाच माणूस जॉर्जियन भाषेत कविता लिहायचा. नुसती हौस नव्हे. जॉर्जियन रोमँटिक कवितेची सुरुवात त्याच्यापासून धरतात. एका बाजूला इराणी वळणाची, मैफिलीत गायची प्रेमगीतं, दुसऱ्या बाजूला व्होल्तेअर, रासीन, पुश्किन यांची भाषांतरं. सेवान सरोवराला तेव्हा गोक्चा म्हणत, त्याच्यावर त्याची एक कविता आहे: काठावर उभा राहून तो जुने भग्न अवशेष बघतो, इथे कधी काळी वैभव होतं, आता काय उरलं, असं विचारतो. अवशेष आर्मेनियातले. पण जॉर्जियन वाचकाला आपलंच बुडालेलं राज्य दिसावं, इतकं ते उघड आहे.

1832 साली तिबिलिसीत सरदारांनी कट केला. रशियन अधिकाऱ्यांना मेजवानीच्या नाचाला बोलवायचं, तिथेच पकडायचं, शहर ताब्यात घ्यायचं. त्यांच्यातल्याच इयासे पालावंदिश्विलीने फोडलं. धरपकड झाली. चावचावाद्झे कटात किती होता, होता की नुसता ऐकून होता, यावर आजवर वाद आहे. पण सरकारने वाट बघितली नाही. जनरल असूनही पुन्हा हद्दपार. कुठे? तांबोव! फाइल काढली असेल आणि जुनाच पत्ता कॉपी केला असेल.

याही वेळी मुदतीच्या आत परत बोलावलं. कॉकेशसचे डोंगर पेटले होते, अनुभवी जनरल हवा होता. 1841 मध्ये लेफ्टनंट जनरल झाला. 1846 मध्ये घोडागाडीच्या अपघातात गेला. शुआम्ताच्या मठात पुरला आहे.

तर प्रश्न असा, की हा कोण? देशभक्त, फितूर, की आणखी कुणी? मला उत्तर आलेलं नाही. बोला.

---

तिरकस_काटा

चांगलं लिहिलंय, पण रडू नका एवढं त्याच्यासाठी. 1812 मध्ये शेतकऱ्यांवर चालून गेलेला जमीनदार आहे हा. ती पहिली बाटली भरली म्हणता, ती द्राक्षं कुणी तोडली? भूदासांनी. तिबिलिसी प्रांतात भूदासपद्धत गेली 1864 मध्ये, म्हणजे हा मेल्यावर अठरा वर्षांनी. ज्याच्या घरात पियानो होता त्याची दुःखं कवितेत आली, ज्याने तो पियानो घाटातून ओढून आणला त्याची नाही आली.

---

चिंचपाला

@तिरकस_काटा, मान्य. खालच्या तळघरात मी शेवटी गेलेच (वासापुरती). तिथे जमिनीत पुरलेले क्वेव्री, म्हणजे वाइनचे मातीचे रांजण बघितले. आपल्या रांजणाचे थोरले भाऊ, तोंड तेवढं जमिनीलगत. मोठ्या क्वेव्रीत माणूस आत उतरून चेरीच्या सालीच्या कुंच्याने घासतो. गाइडने तो कुंचा हातात दिला. चरबरीत आणि ओलसर होता. तो धरल्यावर मला पण हेच वाटलं, की दोनशे वर्षांपूर्वी आत उतरणारा माणूस या वाड्याच्या एकाही तसबिरीत नाही.

पण एक सांगा. तो शेतकऱ्यांच्या बाजूने गेला असता 1812 मध्ये, तर आज आपण त्याच्याबद्दल बोललो असतो का?

---

तिरकस_काटा

हा काय युक्तिवाद झाला? नसतो बोललो. तेच तर म्हणतोय.

---

जुना_बाड

दोघंही थोडं थांबा. या सगळ्यात एक गोष्ट सुटते आहे. जॉर्जियन सरदाराला, म्हणजे त्यांच्या भाषेत 'तावादी'ला, रशियाने 'क्न्याझ' ही स्वतःच्या राजकुमारांची पदवी दिली होती. 1783 च्या तहातच तशी अट होती, की जॉर्जियन उमरावांना रशियन उमरावांचे हक्क मिळतील. वसाहतीत असं सहसा होत नाही. जित लोकांच्या सरदाराला जेत्यांच्या पंक्तीत, त्याच ताटात जेवायला बसवलं. बाग्रातियोनी राजघराण्याच्याच एका शाखेतला बाग्रातिओन घ्या. तो रशियाचा इतका मोठा सेनापती झाला की 1812 मध्ये बोरोदिनोला जखमी होऊन वारला तर आख्खा रशिया हळहळला. त्याला कुणी 'तू जॉर्जियन' म्हणून मागे ठेवलं नाही.

किंमत काय मोजली? राज्य गेलं. 1811 मध्ये जॉर्जियन चर्चचं स्वतंत्र अस्तित्व गेलं, ते रशियन धर्मसभेखाली आणलं. कचेरीत रशियन भाषा आली. पण सरदाराचा वाडा, जमीन, भूदास, पदवी, सगळं शाबूत. म्हणून तर 1804 चा बंडखोर 1809 मध्ये हुसार होऊ शकतो. दार कधी पूर्ण बंदच होत नाही त्याच्यासाठी.

अवांतर: ग्रिगोल ओर्बेलियानीचं नाव या धाग्यात यायला हवं. चावचावाद्झेची बायको सालोमे ओर्बेलियानी घराण्यातली, त्याच गोतावळ्यातला हा. तोही कवी, तोही 1832 च्या कटात अडकलेला, आणि तोही पुढे रशियन जनरल. कॉकेशसच्या डोंगरात रशियाशी लढणाऱ्या इमाम शामिलशी लढला आणि तिबिलिसीचा गव्हर्नर जनरल झाला. एकच माणूस असता तर अपवाद म्हटलं असतं. एका पिढीतच हा नमुना दिसतो.

---

मीठभाकर

1818 नंतर आपल्याकडच्या सरदारांचंही हेच झालं ना? एल्फिन्स्टनने इनामं चालू ठेवली आणि सगळे गप्प.

---

जुना_बाड

@मीठभाकर, वरवर सारखं दिसतं, पण नको तिकडे नेऊ या. आपल्याकडच्या एकाही सरदाराला कंपनीने जनरल करून पॅरिसवर पाठवलं नाही. इनाम चालू ठेवणं वेगळं आणि पंक्तीला घेणं वेगळं. दुसरं म्हणजे धर्म. रशियन आणि जॉर्जियन दोघंही ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. आणि दक्षिणेला इराण, पश्चिमेला तुर्क. 1795 ची राख आठवणाऱ्या माणसाला रशिया हा निदान आपल्या देवळात गुडघे टेकणारा शत्रू वाटत असणार. त्यावर वेगळा धागा काढ.

---

लेकीची_आई

मी इतिहासातली नाही. मुलगी तिबिलिसीत एमबीबीएसला आहे (तिथे आपली बरीच मुलं आहेत, मराठी पण पुष्कळ), म्हणून हा धागा उघडला. गेल्या मे महिन्यात तिच्याकडे गेले होते तेव्हा ती मला म्तात्समिंदाच्या डोंगरावर घेऊन गेली. फ्युनिक्युलरने अर्ध्यावर उतरलो. तिथे एक चर्च आहे आणि त्याच्या पोटात, दगडी कमानीत, जाळीमागे दोन कबरी. एकीवर काळ्या धातूची बाई, क्रुसाला मिठी मारून गुडघ्यावर बसलेली. मुलीने सांगितलं, ही नीनो, हिचा नवरा इराणात मारला गेला. मला तेव्हा कुठलं नावगाव माहीत नव्हतं, पण त्या बाईच्या पाठीकडे बघून भरून आलं. ती म्हणजे या जनरलचीच मुलगी का?

---

चिंचपाला

@लेकीची_आई, हो हो, तीच! मी मुद्दाम जावयाचं प्रकरण मूळ लेखात टाळलं होतं, गाइडवरचा राग म्हणून. आता सांगतेच.

अलेक्सांद्र ग्रिबोयेदोव: रशियन नाटककार आणि राजनैतिक अधिकारी. त्याच्या एका विनोदी नाटकातली वाक्यं रशियन माणसं आजही म्हणींसारखी वापरतात. चावचावाद्झेंकडे जुनं येणंजाणं, नीनो लहान असताना तिला पियानोही शिकवलेला. 1828 च्या उन्हाळ्यात तो इराणला वकील म्हणून निघाला होता, वाटेत तिबिलिसीला थांबला. एके दिवशी जेवताना समोर नीनो बसली होती, तिच्याकडे बघत राहिला. उठल्यावर म्हणाला, जरा चल, बोलायचंय. तिला वाटलं, पियानोला बसवतोय. त्याने लग्नाचं विचारलं. हे त्याने स्वतःच मित्राला पत्रात लिहून ठेवलंय. ती पंधरा वर्षांची, तो तिच्या दुपटीहून मोठा. आज वाचताना अंगावर येतं, येऊ दे.

लग्न 22 ऑगस्ट 1828 ला. कुठे? सिओनी कॅथेड्रल! सव्वीस वर्षांपूर्वी जिथे सरदारांना घेरून शपथा घ्यायला लावल्या, त्याच छताखाली. नवरा तापाने फणफणलेला, विधी चालू असताना त्याच्या हातून अंगठी खाली पडली. आणि मुलीचा बाप? तो लग्नात नव्हताच. तुर्कांशी युद्ध चालू होतं. त्याच महिन्याच्या अखेरीस त्याने बायाझेतचा किल्ला घेतला. आशीर्वाद पत्राने.

---

पायवाट

बाप रे. आणि पुढे तेहरान.

---

चिंचपाला

हो. नीनोला दिवस गेलेले, म्हणून तिला तब्रीझला ठेवून तो एकटा तेहरानला गेला. रशिया-इराण युद्ध संपवणाऱ्या 1828 च्या तुर्कमानचायच्या तहात कलम होतं, की इराणात असलेल्या कैद्यांना आणि रशियाच्या ताब्यात आलेल्या मुलखातल्या लोकांना परत जाता येईल. शहाच्या जनानखान्याचा हिशेब ठेवणारा एक आर्मेनियन खोजा आणि दुसऱ्या एका बड्या सरदाराच्या जनानखान्यातल्या बायका रशियन वकिलातीच्या आश्रयाला आल्या. ग्रिबोयेदोवने त्यांना बाहेर काढायला नकार दिला. जमाव चालून आला. वकिलातीतला एक सचिव वाचला, बाकी सगळे कापले गेले. ग्रिबोयेदोवचं प्रेत ओळखलं ते जुन्या द्वंद्वात गोळी लागलेल्या हातावरून. 11 फेब्रुवारी 1829.

नीनोला कितीतरी दिवस सांगितलंच नाही. कळलं तेव्हा बाळंतपण वेळेआधी झालं, मूल राहिलं नाही. ती तेव्हा सोळा वर्षांची. पुढे अठ्ठावीस वर्षं जगली, पुन्हा लग्न केलं नाही, 1857 मध्ये कॉलऱ्याने गेली. त्या दगडावर तिने कोरून घेतलं आहे: तुझी बुद्धी आणि तुझी कामं रशियाच्या आठवणीत अमर आहेत, पण माझं प्रेम तुझ्यामागे का उरलं?

'रशियाच्या आठवणीत' लिहिलंय बघा. जॉर्जियाच्या नाही.

---

नगरी_बाणा

आता माझी पाळी, कारण या रक्ताची किंमत नगरच्या हिऱ्याने चुकती केली.

खरंच. वकील मारला म्हटल्यावर इराणला रशियाशी नव्या युद्धाची धास्ती पडली. शहाने नातू खुसरो मिर्झाला 1829 मध्ये पीटर्सबर्गला पाठवलं, माफी मागायला. बरोबर नजराणा. त्यात 'शाह' नावाचा हिरा. साधारण 88.7 कॅरट, पिवळसर झाक, लांबट, सुरीच्या मुठीसारखा. बाकी हिऱ्यांसारखे त्याला पैलू फारसे नाहीत. त्याच्या अंगावर तीन बादशहांची नावं कोरली आहेत. पहिलं नाव कुणाचं? बुऱ्हाण निझामशहा दुसरा, हिजरी 1000, म्हणजे 1591. आमचा अहमदनगरचा निझामशहा, चांदबिबीचा भाऊ! दुसरं शहाजहानचं, तिसरं इराणच्या फतेहअली शहाचं. नगरहून मोगलांकडे, दिल्लीच्या लुटीत नादिरशहाबरोबर इराणला आणि तिथून ग्रिबोयेदोवच्या बदल्यात झारकडे. आता क्रेमलिनमध्ये काचेत आहे.

लहानपणी आम्ही भुईकोट किल्ल्याच्या खंदकाकडेने सायकली पिटाळायचो. इथून निघालेला दगड जॉर्जियातल्या एका बापाच्या मुलीच्या कुंकवाचा मोबदला म्हणून रशियात पोचला असेल, हे कुणी सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

---

जुना_बाड

@नगरी_बाणा, सुंदर प्रतिसाद. फक्त एक खडा टाकतो. हिरा खुसरो मिर्झाने दिला हे पक्कं. पण 'ही रक्ताची किंमत' असं तेव्हाच्या कागदांत म्हटलेलं नाही, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. माफीच्या जोडीला युद्धाची खंडणी कमी करून घेणं हाही त्या भेटीचा हेतू होता, आणि झारने खंडणीत सूट दिलीही. म्हणजे हिऱ्याने खंडणी पण स्वस्त झाली.

---

नगरी_बाणा

म्हणजे जावई गेला बापाचा, नवरा गेला नीनोचा, आणि वाटाघाटीत फायदा शहाचा. ठीक आहे, पण हिरा नगरचाच.

---

तिरकस_काटा

बुऱ्हाणशहाने खणून काढला होता का? गोवळकोंड्याच्या खाणीतला असणार, नगरला नुसतं नाव कोरलं. तिथेही खणणाऱ्याचं नाव नाहीच.

---

नगरी_बाणा

@तिरकस_काटा, तुम्ही क्वेव्रीत उतरा आता.

---

शेवंती

😀 वाचतेय सगळं. दुसऱ्या मुलीबद्दल कुणीच बोललं नाही. एकातेरीने. कवी निकोलोझ बाराताश्विली तिच्यावर जीव टाकत होता. हा सरदाराचाच मुलगा, पण घर कर्जात बुडालेलं, आणि स्वतः कारकून. तिने लग्न केलं पश्चिम जॉर्जियातल्या मिंग्रेलियाच्या राजाशी, दावित दादियानीशी. बाराताश्विली 1845 मध्ये सत्ताविसाव्या वर्षी गेला, हयातीत कविता छापून आल्या नाहीत. त्याच्या हस्तलिखिताची वही या एकातेरीनेकडेच होती आणि तिच्याकडूनच ती पुढच्या पिढीला मिळाली. म्हणून तो वाचला. नवरा गेल्यावर तिने राज्यकारभार हाकला, क्रिमियाच्या युद्धात तुर्कांविरुद्ध उभी राहिली. आणि मग रशियाने तिलाही अलगद बाजूला करून मिंग्रेलियाही गिळलं.

या घरातल्या बायकांवर वेगळा धागा हवा.

---

पायवाट

आणि तो वाडा पुढे त्याच घराण्याकडे राहिला का?

---

चिंचपाला

@पायवाट, नाही. 1854 च्या उन्हाळ्यात इमाम शामिलची माणसं डोंगर उतरून त्सिनांदालीवर आली. चावचावाद्झेंचा मुलगा दावित जवळच्याच ठाण्यावर फौज घेऊन होता. तिथून त्याला आपलं घर जळताना दिसलं, पण ठाणं सोडून जाता येईना. बायको आन्ना, तिची बहीण वार्वारा, मुलंबाळं, फ्रेंच शिक्षिका, सगळ्यांना उचलून नेलं. पळत्या घोड्यावर आन्नाच्या हातातून काही महिन्यांची लिदिया निसटून पडली. ती गेली.

कैद आठ महिने चालली. शामिलला पैशाइतकाच स्वतःचा मुलगा हवा होता. जमालउद्दीन, ज्याला 1839 मध्ये रशियनांनी लहानपणी ओलीस नेलं आणि पीटर्सबर्गला वाढवून अधिकारी केलं. मार्च 1855 मध्ये एका नदीकाठी अदलाबदल झाली: बायका-मुलं इकडे, जमालउद्दीन आणि चाळीस हजार रूबल तिकडे. तो पोरगा डोंगरात रुळला नाही, तीन वर्षांत क्षयाने गेला.

त्या पैशासाठी दावितने जमीन गहाण टाकली. फिटली नाही. शेवटी त्सिनांदाली झारच्या घराण्याकडे गेली. आज तिथे संग्रहालय आहे, शेजारी मोठं हॉटेल, सप्टेंबरात संगीत महोत्सव.

---

जुना_बाड

जमालउद्दीन आणि आपला चावचावाद्झे शेजारी ठेवून बघा. दोघांनाही पोरवयात उचलून वर्दी चढवली. एकाला घरी परत धाडलं तर तो घरी परका. दुसऱ्याला घर, भाषा, द्राक्षं, सगळं वर्दीसकट राखता आलं. मूळ प्रश्नाचं मला सुचलेलं उत्तर हे, की फितूर म्हणायला आधी एक बाजू सोडावी लागते. याने सोडलीच नाही कुठली. 1812 चं मात्र मी माफ करत नाही, तिरकसशी तिथे सहमत.

---

तिरकस_काटा

नोंद घेतली. तारीख लिहून ठेवतो.

---

मीठभाकर

तारखेवरून आठवलं, चिंचपाला, ग्रिबोयेदोवचा मृत्यू मी 30 जानेवारी वाचलाय. तुम्ही 11 फेब्रुवारी लिहिलंय.

---

चिंचपाला

@मीठभाकर, दोन्ही बरोबर. रशियात तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर, त्या शतकात ते बारा दिवस मागे. माझी गडबड अशी झालीये की लग्नाची 22 ऑगस्ट जुन्या पंचांगाची आणि मृत्यूची नव्या. नव्याने धरलं तर लग्न 3 सप्टेंबरला येतं. मूळ प्रतिसाद आता संपादित होत नाहीये, म्हणून इथेच दुरुस्ती समजा.

@लेकीची_आई, मुलीला सांगा, त्सिनांदालीला जायचं तर सकाळी लवकर निघावं. गोंबोरीच्या घाटात दुपारनंतर धुकं उतरतं, आमची गाडी पाऊण तास रांगत होती. आणि तळघरात कोनाड्यात 1841 ची सापेरावी (लाल वाइन) ठेवलीये ती बघायला मागावी, आपणहून दाखवत नाहीत. बाटलीवर इतकी बुरशी आहे की लेबल दिसत नाही.

---

लेकीची_आई

सांगते. ती म्हणतेय परीक्षा झाल्यावर जाईल, आणि 'आई तू पुन्हा ये, आपण दोघी जाऊ'. बघू, तिकिटं काय म्हणतात.